आक्काच्या कडेवरची खाच

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. घटस्थापना

आलो एकदाचा! खर्ड्याहून सकाळी निघालेली एसटी साडेदहाला माळीवाडा स्टँडला लागली आणि श्रीमंत स्वतः मोटारसायकल घेऊन उभा. माझ्या वर्गात चौथीत असताना पाढे चुकले की हा टेबलाखाली जाऊन बसायचा. आता नागापूरच्या एमआयडीसीत त्याची स्वतःची शेड आहे, आणि तरी मला बघून पाय जुळवून उभा राहिला. मी म्हटलं, श्रीमंत, बस खाली. तेव्हा कुठे त्याने किक मारली.

शेडच्या मागे मला खोली दिली आहे. खाट, टेबल, खिडकी. खिडकीबाहेर हादग्याचं झाड आणि पलीकडे कारखान्यांचे पत्रे. बायको गेल्यापासून खर्ड्याच्या घरात भिंतींशी बोलत होतो, इथे निदान यंत्रं उत्तर तरी देतात. शेडमध्ये सागवानाचा वास भरून राहिलेला असतो. नव्या कोऱ्या पुस्तकाच्या वासाचा हा थोरला भाऊ. जूनमधला पहिला तास आठवला: चाळीस पोरं पुस्तकं नाकाशी धरून बसलेली, आणि मी पहिली कविता चालीवर म्हणण्यासाठी घसा साफ करतोय.

इथे पेट्या होतात. झाकणावर दुसऱ्या रंगाच्या लाकडाचं चित्र बसवलेल्या, शोभेच्या. गिऱ्हाईक आपली एखादी आठवण फोनवर लिहून पाठवतं. वडिलांची सायकल, अंगणातला पारिजात, असलं काही. त्यावरून मी पेन्सिलीने चित्र काढायचं. एका आठवणीची एकच पेटी, दुसरी करायची नाही. श्रीमंत म्हणाला, गुरुजी, कॉम्प्युटरवर चित्रं ढिगानं मिळतात, पण ती कुणाचीच नसतात.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी नोकरी! संध्याकाळी सहाला मिरजगावहून आक्काचा नेहमीचा फोन आला. म्हणाली, बन्शा, लाकडं कापायचं वय हाय का तुझं? मी म्हटलं, कापायचं काम मशीन करतं, मी नुसता बघतो. तर म्हणे, मग शाळंत तरी दुसरं काय करत हुतास?

२४ सप्टेंबर, बुधवार

आज सगळं काम नीट पाहिलं. मशीन म्हणजे एक ऐसपैस टेबल, त्यावर पुलासारखा आडवा दांडा आणि दांड्याला गरगर फिरणारं पातं. ते चालवणारी दीपा डिप्लोमा झालेली आहे, इथल्या बोल्हेगावची. माझं चित्र ती कॉम्प्युटरमध्ये घेते. मशीन आधी सागाच्या झाकणात चित्राच्या आकाराची खाच पाडतं, मग दुसऱ्या लाकडातून त्याच आकाराचा तुकडा काढतं. काळा हवा तर शिसवीचा, पिवळसर हवा तर हेदाचा. तुकडा खाचेत असा बसतो की मधे केस जाणार नाही. माझ्या फळ्यावरच्या अक्षरालाही इतकी शिस्त नव्हती. मी तसं म्हटल्यावर दीपा म्हणाली, गुरुजी, मशीनला हस्ताक्षराचे मार्क देऊ नका, ते फुगून बसेल.

तुकडे बसवायचं काम गोरक्षचं. साठीचा सुतार, मूळचा पाथर्डीकडचा, कानामागे पेन्सिल. फेविकॉल लावतो, क्लॅम्पमध्ये आवळतो, दुसऱ्या दिवशी रंधा मारतो. हात असा की बघत राहावं.

पण एक गोष्ट खटकली. प्रत्येक पेटीवर तो एक खाच मोकळी ठेवतो. फुलाची एक पाकळी नाही, सायकलीचं एक चाक नाही. तुकडा तयारच करत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाला, बापाची रीत हाय. पुरं काम कुनाला द्यायचं न्हाई. मी म्हटलं, अरे, पण का? तो म्हणाला, का ते बापानं सांगितलं न्हाई, आन् आमी इचारलं न्हाई. तुमच्या शाळंतल्यासारखं नव्हतं आमच्यात. दीपा म्हणते, गिऱ्हाइकांना ती कंपनीची खूण वाटते.

चौतीस वर्षं मी पोरांना रिकाम्या जागा भरायला लावल्या. एक जागा सोडली तरी वही परत द्यायचो. मला हे बघवत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. दोन चित्रं पुरी केली. दोन्ही माझ्याच आठवणींची, श्रीमंतने आग्रहाने करायला सांगितली. मला फळ्याची सवय, त्यामुळे चित्रं साधी, दोन-दोन तुकड्यांची.

पहिलं खर्ड्याच्या आमच्या शाळेचं. मैदानातली मोठी चिंच आणि तिच्या फांदीला टांगलेली लोखंडी घंटा. ही पेटी ऑफिसात नमुना म्हणून राहील. पोरांसाठी मी तेव्हा दोन ओळी जुळवल्या होत्या:

घंटेमागे चिंच उभी, चिंचेमागे शाळा,
सावलीच्या पाटीवरती ऊन खडू ढवळा.

दुसरं आक्काचं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा, आक्का बाराची. मला कडेवर घेऊन ती मिरजगावच्या शाळेत यायची. मला आत बसवायची आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून राहायची. आतल्या कविता ऐकून ऐकून तिला पाठ झाल्या. लिहिता मात्र कधीच आलं नाही, कारण तिचं नाव शाळेत कधी घातलंच नाही, आधी घरकाम आणि मग मी. लग्न गावातच झालं, मूल झालं नाही, भावजी लवकर गेले. आता त्र्याऐंशीची आहे आणि मला बन्शा म्हणणारी या जगात ती एकटीच उरली आहे.

चित्रात काळ्या शिसवीची पोरगी, परकर नेसलेली, आणि तिच्या कडेवर पिवळ्या हेदाचा लहान मुलगा. एवढंच. भाऊबीजेला ही पेटी ओवाळणीत घालायची. तिला अजून सांगितलेलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज मशीन बंद. पटाश्या, रंधे, करवती, सगळं धुऊन पुसून मांडलं आणि पूजा केली. मशीनला झेंडूचा भला मोठा हार. दीपाने माऊसलाही कुंकू लावलं आणि श्रीमंतची बोलणी खाल्ली.

गोरक्ष कालच सोयाबीन काढायला गावी गेला. जाण्याआधी माझ्या दोन्ही पेट्यांवर एकेक तुकडा बसवून गेला. एकीवर चिंच आहे, घंटेची खाच मोकळी. दुसरीवर आक्का आहे आणि कडेवर नुसता खळगा.

मी बराच वेळ ती पेटी घेऊन बसलो. पोरगी कमरेत एका बाजूला झुकलेली, हात कशाला तरी वेढा घालून धरलेला, आणि त्या हातात काही नाही. आक्काला मी हे द्यायचं? जिची कूस रिकामी राहिली, तिच्या हातात भाऊबीजेला रिकामी कड द्यायची? रीत असेल त्याच्या बापाची. माझ्या आक्काची नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दीपाला म्हटलं, घंटा आणि मुलगा, दोन्ही तुकडे काढून दे. ती कचरली. म्हणाली, गोरक्षमामा माझा जीव खातील. मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, रिकाम्या जागा भरा, प्रत्येकी एक गुण. हसत हसत तिने मशीन चालू केलं.

फेविकॉल मी लावला. तुकडे मी दाबले. क्लॅम्प मीच आवळला, बसले अगदी नेमके. मुलगा खाचेत गेला तेव्हा बारीकसा आवाज आला, दार ओढून घेतल्यासारखा. दुसऱ्या दिवसापर्यंत दम निघेना, संध्याकाळीच रंधाही मी मारला. आता झाकणावरून डोळे मिटून बोट फिरवलं तर आक्का कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो ते कळत नाही.

श्रीमंतने झाकण उजेडाकडे धरून पाहिलं. म्हणाला, गुरुजी, ही पेटी मी पुण्याच्या प्रदर्शनात मांडतो. दिवाळीपर्यंत चालेल, भाऊबीजेआधी तुमच्या हातात. नाही म्हणवलं नाही. मला स्वतःलाच ती सगळ्यांनी बघावी असं वाटत होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

आक्काचा सहाचा फोन काल आला नाही. आजही नाही. मीच लावला. ती म्हणाली, कोन? मी म्हटलं, आक्का, मी. ती थांबली. मग म्हणाली, हां, बन्शा व्हय! आरं, आवाज लांबून आल्यागत येतुया. आणि मग नेहमीसारखं, जेवलास का, खोकला कसा हाय.

वय झालं. माझंही झालंच आहे. पण ती जी थांबली, ते माझ्या डोक्यातून जात नाही. चहा प्यालो, दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. पेटी सकाळीच पुण्याला गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

हे शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

दीपाला वेबसाईटवर पेटीशेजारी खऱ्या झाडाचा फोटो लावायचा होता. मी खर्ड्याच्या शाळेत फोन केला. हल्लीचे मुख्याध्यापक ओळखीचे आहेत. म्हटलं, मैदानातल्या चिंचेचा एक फोटो पाठवा. ते म्हणाले, कुठली चिंच, गुरुजी? मी म्हटलं, घंटेची. ते म्हणाले, आपल्या मैदानात झाड कुठे आहे? मला वाटलं थट्टा करताहेत. मी रागावलो. तेव्हा त्यांनी फोटो पाठवला.

मैदान सपाट. बुंधा नाही, खड्डा नाही, तोडल्याची खूण नाही. जिथे चिंच होती तिथे कबड्डीची आखणी आहे, आणि तीही जुनी, चुना मातीत मुरलेला.

खर्ड्यातल्या आणखी दोघांना फोन केला. दोघेही त्याच चिंचेखाली शिकलेले. दोघांनी सांगितलं, झाड नव्हतंच.

ऑफिसातल्या पेटीवर ती आहे. चमकते आहे, पानापानाच्या कडेसकट.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गोरक्ष परत आला. ऑफिसातली चिंचेची पेटी हातात घेतली आणि घंटेवरून अंगठा फिरवला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, गुरुजी, कुनी भरली ही? मी सांगितलं. मग त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो. बापानं एकदाच पुरी पेटी केल्ती. बाजारात गेली, परत घावली न्हाई. त्या पेटीवर काय हुतं ते आमच्या घरात कुनालाच ठाव न्हाई. पर आमच्या घरात दोन पाळने हुते, गुरुजी. पोर मी एकलाच. आईला इचारलं का दुसरा कशाला, तर म्हनायची, काय की, पयल्यापासून हाय. बाप तेवढा त्या पाळन्यापाशी बसून ऱ्हायचा. मरंस्तवर.

मी म्हटलं, म्हणजे तुझ्या बापाला आठवत होतं. तो म्हणाला, ज्यानं चित्र पुरं केलं त्याच्याच ध्यानात ऱ्हात असंल. बाकीच्यास्नी कशाला लागतंय? चित्र पुरं झालं का खऱ्याची गरज सरली.

मी त्याच्यासमोर पटाशी घेतली. घंटेचा एक कोपरा उडवला. मुख्याध्यापकांना फोन लावला: मैदान मोकळंच. शेजारी नवी खाच खणली. पुन्हा फोन: मोकळंच, आणि गुरुजी, तुमची तब्येत बरी आहे ना? मग गोरक्षने गरम पाण्याचं फडकं ठेवून ठेवून फेविकॉल मऊ केला आणि उरलेली घंटा पुरती बाहेर काढली. तुकडा हातात येता येता मोडला.

तिसरा फोन. चिंच? आहे की, गुरुजी, जाणार कुठे? आत्ता तिच्याखालीच उभा आहे.

मी रडलो. मग विचारलं, आणि घंटा?

ते म्हणाले, कसली घंटा?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चिंच पूर्वीपासून आहे. घंटा कधीच नव्हती. म्हणे शाळेला पहिल्यापासून शिट्टीच वाजवतात. तिचा आवाज माझ्या एकट्याच्या कानात आहे.

म्हणजे हिशेब साधा आहे. खाच पूर्ण मोकळी झाली की बाकीचं चित्र परत येतं. जो तुकडा काढाल तो येत नाही.

पुण्याच्या पेटीवर दोनच तुकडे आहेत.

आक्का आणि मी.

आक्काचा फोन लागत नाही. रिंग होते, कोणी घेत नाही. तिच्या शेजारच्या लंकाबाईंना लावला, साळूआक्का कुठे आहे विचारलं. त्या म्हणाल्या, व्हय, साळूआत्या ना, हायेत — आणि मग, थांबा हं, कवा दिसल्या म्हनायच्या, ध्यानात येईना.

श्रीमंत प्रदर्शनासाठी पुण्यातच आहे, त्याला फोन केला. म्हटलं, पेटी आजच्या आज परत आण. त्याने आधी विचारलं, कोण बोलतंय? गुरुजी म्हटल्यावरही जरा वेळ लागला. मग म्हणाला, प्रदर्शन एकवीसला संपतं, मधे उचलता येत नाही. गोरक्षनेही फोन केला, झाकन वाकडं झालंय, पाठवून द्या म्हणाला. तरी तेच. एकवीस.

१२ ऑक्टोबर, रविवार

पुण्याला जाऊन आलो. रविवार असून प्रदर्शन बंद, विजेचं काही काम निघालेलं. मोठं कुलूप. काचेतून पाहिलं, पेटी दिसली नाही. पहारेकरी म्हणाला, उद्या या. पण उद्यापर्यंत आक्का —

सोलापूर गाडी धरून मिरजगावला जायला हवं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मिरजगावला गेलो होतो.

आमची गल्ली. पिठाची गिरणी, मग लंकाबाईंचं घर, मग आक्काचं, मग शिंप्याचं. मी गिरणीपासून मोजत गेलो. लंकाबाईंच्या भिंतीला शिंप्याची भिंत लागून होती. मधे जागा नाही. बोळ नाही. भिंतीला भिंत, दोन्ही जुन्या, एकच शेवाळ दोन्हींवर चढलेलं. मी त्या सांध्यावर हात ठेवून उभा राहिलो. केस जाणार नाही मधे.

लंकाबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, कोन पायजे, बाबा? मी म्हटलं, साळूबाई. त्या म्हणाल्या, साळूबाई कोन? पानी देऊ का, दमल्यागत दिसताय. बाईने पाणी दिलं. फार चांगली बाई. आक्काच्या हातचं लोणचं तिच्या घरात दर वर्षी जायचं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज चहा तीनच कप आला. दीपा म्हणाली, अगं बाई, सॉरी — आणि मग माझं काय नाव घ्यावं ते तिला सुचेना. काका म्हणाली. ती मला कधी काका म्हणत नाही.

हजेरीत माझ्या नावाची ओळ आहे. नाव नाही.

पुण्याला पुन्हा जाणार होतो. पण तिथे मी कोण म्हणून मागू? श्रीमंतला सकाळी फोन केला, त्याने राँग नंबर म्हणून ठेवला. पेटी इथेच येणार आहे. इथेच थांबायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

हे लपवत नाही, लिहून ठेवतो. आज मनात आलं की काळा तुकडा काढावा. ती त्र्याऐंशीची. किती दिवस राहिले तिचे? मी इथे नुकता कुठे सुरुवात करतोय. खोली आहे, खिडकी आहे, सागाचा वास आहे. शिवाय ती कुणालाच आठवत नाही, मग दुःख तरी कोणाला होणार?

मला. जन्मभर. गोरक्षच्या बापासारखा मी त्या सांध्यापाशी बसून राहीन.

आणि मला बन्शा म्हणणारं कोणी नसेल तर मी राहिलो काय आणि —

लाज वाटते. पण आलं होतं मनात.

गोरक्षला सांगितलं. तो पटाशीला धार लावू लागला. म्हणाला, मी काढून देतो म्हनलं असतं, गुरुजी, पर कुठला काढू ते मला इचारू नका. मी म्हटलं, मुलगाच काढायचा, आणि मीच, तो माझ्या हातचा आहे. म्हणजे माझी आठवण माझ्याखेरीज कोणाला राहणार नाही. तो म्हणाला, मला बी न्हाई? मी म्हटलं, तुलाही नाही.

त्याने पटाशी माझ्या हातात दिली. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, म्हणाला. नंतर मी वळखलं न्हाई तर देनार न्हाई मी.

२० ऑक्टोबर, सोमवार

खोलीत खाट नाही. सागाच्या फळ्या रचल्या आहेत, त्यांच्यावर धूळ आहे, जुनी. फळ्यांवर झोपतो. पाठ दुखते. दुखते आहे ते बरं.

कविता म्हणून पाहिल्या, मोठ्याने. सगळ्या येतात. शेडमधलं कोणी वळून बघत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

गोरक्ष विचारतो — कोन पायजे, बाबा?

कानामागे तीच पेन्सिल. मी म्हटलं, काही नाही, पेटी बघायला आलोय. बसा म्हणाला. आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली मला. अनोळखी माणसाला.

श्रीमंत संध्याकाळी येणार.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

पेटी आली. ऑफिसच्या कपाटावर ठेवली. मी सरळ आत गेलो आणि उचलली. दीपा ओरडली, अहो, कोण तुम्ही, ठेवा ती. श्रीमंत फाटकात आडवा आला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. काय झालं कोण जाणे — त्याचे पाय जुळले. हात खाली गेले. बाजूला झाला. का ते त्यालाही कळलं नसणार.

धावत रस्ता गाठला. या पायांनी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

मिरजगाव. शिंप्याच्या ओट्यावर बसलोय. दुपार टळली. गल्लीतून ताटं चालली आहेत, नवी लुगडी, निरांजनं. कोणी माझ्याकडे बघत नाही. सावली पडते आहे का ते मी पाहत नाही.

पेटी मांडीवर. चहाच्या टपरीतून गरम पाणी घेतलं. टपरीवाल्याने कोणाला दिलं ते बघितलंच नाही.

फडकं ठेवलं. थांबलो. पुन्हा ठेवलं.

काळ्या तुकड्याला हात लावलेला नाही. हे मुद्दाम लिहितो. उद्या मी हे वाचणार नाही, तरी लिहितो.

पटाशी मुलाच्या पायापाशी घातली. निघत नाही. चांगला बसवला होता मी. फार चांगला —

पाय सुटला. दिवस मावळला.

डोकं अजून तिच्या खांद्याला चिकटलेलं आहे. तिथे जोर लावायचा नाही. तिला ओरखडा नको. थोडं पाणी. थोडं अजून. सोड रे, सोड तिला आता —

निघाला. हातात आहे. मोडला. पिवळा भुगा.

भिंत — सांधा उघडतोय. आवाज नाही. दार. तिचं दार, निळं. उंबरा. उंबऱ्यावर रांगोळी, आजची.

आक्का बाहेर आली.

वाकलेली. हातात ताट. निरांजन लावलेलं. लंकाबाई ओट्यावरून म्हणतात, आत्या, लवकर, कोर बुडंल. जिला भाऊ नाही ती बीजेच्या चंद्राला ओवाळते. दर वर्षी ओवाळत असल्यासारखी आक्का उभी राहिली, पश्चिमेला तोंड करून. लंकाबाईंना म्हणते, काय गं, आमचा भाऊ उशिरा उगवतो आन् लवकर पळतो. दोघी हसल्या.

ती आहे. हसते आहे. एवढंच हवं होतं.

हात पुसट दिसतो. अक्षर अजून येतंय. तिला एकदाच हाक —

मारली. तिने ताट सांभाळत वळून बघितलं. डोळे बारीक करून. म्हणाली, कोन हाय तिकडं? अंधारात बसू नका, बाबा, पान्याला या घरात. कुनाचे तुमी?

सांगतो, आक्का. मी